बाहेरून फोडलेली अंडी

जहांगीर गवंड्यानं बायकोवर पहिल्यांदा हात उचलला तो बदकाच्या अंड्यांवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण हसू नये. रजियाचा खालचा एक दात त्या दिवशी गेला आणि तो काही परत आला नाही. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत ज्या माणसानं घरात आवाज चढवला नव्हता, तो एकाएकी असा का पिसाळला हे औशात कुणालाच कळलं नाही. शेजारची दानम्मा म्हणाली, नजर लागली. दानम्माला सगळीकडे नजरच दिसायची. तिची कढी फुटली तरी ती नजरेनंच फुटायची.

त्याला गवंडी म्हणत असले तरी पंधरा वर्षांत त्यानं थापी हातात धरली नव्हती. किल्लारीपासून दोन कोसांवर त्याचं गाव होतं. भूकंपाच्या पहाटे त्यानं स्वतःच्या हातानं रचलेली दगडमातीची भिंत त्याच्याच पोरावर पडली. शारिक सहा वर्षांचा होता. जहांगीर उकडतंय म्हणून बाहेर ओट्यावर झोपला होता आणि रजिया दोन वर्षांच्या बुशराला घेऊन अंगणात फेऱ्या घालत होती, म्हणून तिघं वाचली. त्यानंतर सरकारनं नवं गाव वसवलं, घरं दिली, पण जहांगीर तिथं राहिला नाही. तो औशाच्या वेशीबाहेर दोन खोल्या घेऊन राहिला. हातोडा, छन्नी, ओळंबा सगळं एका गोणीत बांधून त्यानं माळ्यावर टाकून दिलं.

बदकं आली ती देगलूरकडून. तिकडं भाताच्या रानात तेलंगी लोक बदकांचे कळपच्या कळप हाकत येतात. त्यांच्याकडून त्यानं आठ माद्या आणि एक नर आणला. घरामागं खड्डा खणून त्यात पाणी सोडलं आणि अंडी उकडून लातूरला क्लासच्या गल्लीत गाड्यावर विकू लागला. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांची तिथं बारा महिने जत्रा. कोंबडीच्या दीडपट अंडं पाहून पोरं आधी नाक मुरडायची आणि मग रोज खायची. त्याच गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बुशरा राहायची. तीही बारावीला होती, तिलाही डॉक्टरच व्हायचं होतं.

कळप वाढवायचा तर पिल्लं हवीत. आणि ही कळपातली बदकं म्हणजे एक नंबरची बेपर्वा बाई: अंडं टाकतील आणि मागं वळून बघणार नाहीत. म्हणून रजियानं अंडी खुडूक कोंबड्यांखाली बसवली. पहिल्या खेपेला वीस बसवली, तीन जगली. बाकीची अंड्यातच गेली, कुणी चोच बाहेर काढून, कुणी अर्धं अंग बाहेर लोंबकळत. रजिया नळावरून पाण्याच्या घागरी घेऊन परतली तेव्हा जहांगीर टोपलीपाशी बसला होता आणि त्याच्या ओंजळीत एक मेलेलं पिल्लू होतं.

"उशीर केलास तू," तो म्हणाला.

"मी काय केलं? अजून वेळ होता. मी सकाळीच म्हणाले न्हवते का, थांबा म्हणून?"

त्या शब्दावर त्याचा हात आला. उघड्या पंजानं नाही, मुठीनं. रजिया घागरीसकट खाली पडली. तोंडातलं रक्त पुसताना तिला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटलं.

दुसऱ्या खेपेला अठरा बसवली आणि एकच जगलं. या वेळी त्यानं तिला कमरेत लाथ घातली आणि कोंबड्यांची टोपली उचलून भिंतीवर आपटली. एक कोंबडी मान मोडून मेली. तोंडानं तेच चालू होतं: "उशीर झाला. परत उशीर झाला." रजिया आठ दिवस वाकून चालत होती. भीती तर होतीच, पण तिला रागही येत होता. आपण कशाचा मार खाऊन राहिलो, हेच तिला कळत नव्हतं. गुन्हा तरी सांगा म्हणावं.

त्या रविवारी बुशरा यष्टीनं घरी आली. आईची चाल तिनं दारातूनच बघितली. मग ती मागच्या उकिरड्याकडं गेली, फेकलेली अंडी गोळा करून आणली आणि ओट्यावर कागद पसरून बसली. क्लासमध्ये बेडूक चिरायला शिकलेली पोर. तिला किळस नव्हती.

"अम्मी, हिकडं ये. हे बघ. पोटाबाहेर पिवळं लोंबून राहिलंय. हे त्याचं खाणं. निघायच्या आधी ते सगळं पोटात ओढून घेतं. आणि ह्या लाल रेघा बघ, कवचाच्या आतल्या पापुद्र्यावर. हे त्याचंच रक्त. चोच मारून पहिलं भोक पाडलं की ते एक दिवस, दीड दिवस नुसतं पडून राहतं. आपल्याला वाटतं दमलं. दमलेलं नसतं. ते रक्त आत ओढून घेत असतं. तेवढ्यात कुणी कवच सोललं, तर नसा फाटतात आणि ते रक्त जाऊन मरतं."

"पण सोललं कुणी?"

बुशरानं कवचाचे तुकडे तिच्या तळहातावर ठेवले. "पिल्लू आतून फोडतं तवा कडा बाहेर उचलतात. ह्या आत दबल्यात. अम्मी, ही बाहेरून फोडलेली अंडी हाईत. एक न्हाई, सगळी."

मांजर असेल, कोंबडीनंच टोचलं असेल, असं रजियानं तोंडानं म्हणून पाहिलं. पण तिच्या डोळ्यांपुढं ओंजळ धरून बसलेला जहांगीर आला आणि त्याच्या अंगठ्याच्या नखात सुकलेलं तांबडं काहीतरी. दोन्ही खेपांना ती नळावर गेली होती. दोन्ही खेपांना घरात तो एकटाच होता.

"चल माझ्यासंग लातूरला," बुशरा म्हणाली. "आजच चल. पुढच्या खेपेला तो तुझी मान मोडंल."

"मी गेले तर ह्यांचं जेवण?" रजिया म्हणाली आणि बुशरानं कपाळावर हात मारून घेतला. मारलाच पाहिजे होता. आईच्या असल्या उत्तरावर दुसरं काय करणार!

तिसऱ्या खेपेला सोळा अंडी बसवली. दहाव्या दिवशी सकाळी मोकाट कुत्र्यांनी कुंपण उचकटलं. रजिया धावेपर्यंत खड्ड्याचं पाणी लाल झालं होतं आणि पिसं चिखलात माखली होती. आठही माद्या आणि आधीच्या खेपांची चार पिल्लं फाडलेली. नराची मान एका कुत्र्याच्या तोंडात होती. जहांगीर फावडं घेऊन आला. बाकीची कुत्री पळाली, हे एक नराची मान सोडायला तयार नव्हतं. त्यानं त्याच्या कमरेत फावडं घातलं. ते कोलमडल्यावर डोक्यात घातलं. ते मेलं तरी तो थांबेना. दानम्मा कुंपणापलीकडून "शिवा शिवा" करत बघत होती. फावड्याचा दांडा मोडला तेव्हाच तो थांबला. रजियानं बदकं पुरली आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतून रक्त धुतलं. आता कळप म्हणून जे काही उरलं होतं, ते दोन कोंबड्यांच्या पोटाखाली होतं.

तिनं त्या अंड्यांची अशी निगा राखली की विचारू नका. बॅटरीचा उजेड लावून बघितलं, दोन कोरी, बिनजिवाची निघाली ती काढून टाकली. चौदा राहिली. बदकीण ओल्या अंगानं अंड्यांवर बसते, कोंबडीचं पोट कोरडं, म्हणून बुशरानं सांगितल्याप्रमाणं रोज कोमट पाणी शिंपडलं. पापुद्रा वाळला तर पिल्लू चिकटून बसतं, हेही आता तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं. नवरा असं का करतो, एवढंच माहीत नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिनं एक अंडं उचलून कानाला लावलं.

टक. थोडी विश्रांती. मग टक, टक.

तिचा हात तसाच राहिला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

भूकंपाच्या दिवशी शारिक ढिगाऱ्याखालून असाच वाजवत होता. दगडावर दगड. सकाळभर वाजवत होता. जहांगीर तुळईला खांदा लावून उभा राहिला, तेव्हा तिनंच त्याचे पाय धरले होते. वरची अर्धी भिंत कलली होती. तुळई हलली असती तर तीही आली असती. "थांबा," ती म्हणाली होती. "जवान येऊन राहिलेत, मशीन येऊन राहिलंय, थांबा." तो थांबला. दुपार कलताना आवाज बंद झाला. जवान दुसऱ्या दिवशी आले.

पंधरा वर्षांत जहांगीरनं तिला त्यावरून एक शब्द विचारला नव्हता. लोक म्हणायचे, केवढा समंजस माणूस! समंजस कसला. त्यानं ते सगळं आत दाबून ठेवलं होतं आणि बदकाच्या एका अंड्यानं ते वर काढलं. आतून कुणी वाजवलं की त्याच्यानं राहवत नव्हतं. तो फोडायचा, पिल्लू मरायचं, त्याला वाटायचं उशीर झाला, आणि पुढच्या खेपेला तो आणखी लवकर फोडायचा. रजियानं अंडं हळूच परत टोपलीत ठेवलं. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी जिभेला दाताची मोकळी जागा लागली. कीव आली म्हणून दात उगवत नाही.

तिनं दोन्ही टोपल्या आतल्या खोलीत नेल्या, कोंबड्यांना दाणापाणी ठेवलं आणि आतून कडी घातली. उद्या दुपारपर्यंत कडी काढायची नाही, असं तिनं ठरवलं. एवढा एक दिवस निघाला की पिल्लं आपली आपण बाहेर येतील आणि हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.

जहांगीर दुपारीच परतला. बदकं गेल्यापासून तो कोंबडीची विकतची अंडी नेत होता; त्यांची पाटी टेकल्याचा आवाज आला, मग हाक आली, मग दारावर थाप.

"रजिया, कडी काढ."

"जेवण चुलीपाशी झाकून ठेवलंय."

तो दाराला कान लावून उभा आहे हे तिला आतून कळलं. चौदातली निम्मी अंडी आता वाजत होती.

"वाजून राहिलं," तो हळू म्हणाला. मग ओरडला, "आत वाजून राहिलं! कडी काढ!"

"थांबा. उद्यापर्यंत थांबा. मी हात जोडते."

तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की तो जायला नको होता. माळ्यावरून गोणी खाली पडल्याचा आवाज झाला. लोखंडावर लोखंड खणखणलं. पंधरा वर्षांनी त्यानं हातोडा काढला होता.

पहिल्या घावाला चौकट हादरली. कोंबड्या फडफडून उठल्या. दुसऱ्या घावाला फळी चिरली. "जित्तं हाय आत!" तो ओरडत होता, "जित्तं हाय!" रजियानं उजव्या हातानं कडी दाबून धरली. तिसरा घाव फळी फोडून सरळ तिच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. ती किंचाळली तरी हातोडा चालूच होता. दार आत पडलं. त्यानं केसांना धरून तिला बाजूला फेकलं आणि टोपलीतलं एक अंडं उचललं. त्याला चोचीएवढं भोक पडलं होतं.

रजिया भिंतीला टेकून बसली होती. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. तिला आता त्याला अडवायचंच नव्हतं.

"फोडा," ती म्हणाली. "पण एकच फोडा. माझ्यापुढं फोडा आणि नीट बघा."

त्यानं अंगठ्याचं नख भोकात घातलं आणि कवच सोललं. एक तुकडा, दुसरा तुकडा. पांढऱ्या पापुद्र्यावर लाल रेघा उमटल्या आणि फाटल्या. आधी एक थेंब आला, मग धारच लागली. रक्त त्याच्या बोटांमधून मनगटावर उतरलं. आतलं ओलं पिल्लू चांगलं जिवंत होतं, मान ताणून चोच उघडत होतं. पोटाखाली पिवळी गाठ लोंबत होती. जहांगीरनं ते ओंजळीत धरलं आणि त्यावर गरम श्वास सोडू लागला. पिल्लानं चार वेळा चोच उघडली. पाचव्यांदा उघडली ती मिटली नाही.

"उशीर..." तो म्हणाला.

"उशीर न्हाई!" रजिया एवढ्या मोठ्यानं ओरडली की दानम्मा कुंपण ओलांडून धावत आली. "तुमी आत्ता मारलं त्याला! तुमच्या हातानं! जित्तं व्हतं, उद्या आपल्या पायानं आलं असतं. पहिल्या खेपेची सतरा तुमी मारली, दुसऱ्या खेपेची सतरा तुमी मारली, आणि दात माझा पाडला!"

तो ओंजळीकडं बघत राहिला.

"शारिकच्या वक्ताला थांबा म्हणाले, ते चुकलं असंल माझं. खुदा जाणे. आज थांबा म्हणाले ते बरोबर व्हतं. मार मात्र दोन्हीचा मीच खायचा? का म्हणून?"

पंधरा वर्षांत त्या घरात पोराचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं होतं. जहांगीर हातोड्याशेजारी खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून गुरासारखा हंबरू लागला. दानम्मानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. या वेळी तिनं नजर वगैरे काही काढलं नाही. स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून तिनं रजियाचा हात गळ्यात बांधला आणि तिला उठवून सडकेवर काळ्यापिवळ्या जीपकडं नेलं. उंबऱ्यात रजिया क्षणभर थांबली.

"तेरा राहिलीत," ती मागं न बघता म्हणाली. "हात लावू नका."

लातूरला हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि रजिया बुशराच्या खोलीवर आली. बुशराच्या जोडीची पोर सुट्टीला गावी गेली होती, तिची खाट रिकामी होती. रविवार गेला. सोमवारी संध्याकाळी, बुशरा क्लासला असताना, दारावर थाप पडली. ठोसा नव्हता, बोटांनी वाजवलं होतं. टक. टक, टक. रजिया उठून दारापाशी गेली, पण कडीला हात लावला नाही.

"कोण?"

"मी हाय." घोगरा आवाज होता. "अकरा निघाली, रजिया. काल सकाळपासून निघू लागली. मी हातांवर बसून राहिलो. दोन्ही हात बुडाखाली घालून."

दाराबाहेर टोपलीतली चिवचिव ऐकू येत होती. क्लास सुटलेल्या पोरी जिना चढत होत्या. "चाचा, बदकाची पिल्लं?" असं कुणी विचारत होतं.

"दोन आली न्हाईत," तो म्हणाला. "वाजवत व्हती, मग बंद झाली. मी लावला न्हाई हात. आज दुपारी उघडून बघितलं. रक्त न्हवतं. पिवळंबी आत गेलेलं व्हतं. सगळं बरोबर व्हतं, तरी मेलेली. मी घाई न्हाई केली. उशीरबी न्हाई केला. असंबी होतं का?"

रजियानं कपाळ दाराला टेकलं.

"हाव," ती म्हणाली. "असंबी होतं. कुणाच्याच हातात नसतं."

तो रडतोय हे तिला कळलं. तीही रडत होती, पण आवाज बाहेर जाऊ दिला नाही. त्याला तो द्यायचा नव्हता.

"एक अधू हाय," तो शेवटी म्हणाला. "उभं राहिना. पाय दोन बाजूला पसरून राहिलंय. मरंल का?"

"दोरा हाय का?"

"ओळंब्याचं सूत हाय खिशात."

"पायांमधी बोटभर जागा सोडा आणि दोन्ही पाय संग बांधा. आवळू नका. खाली गुळगुळीत कागद असंल तर काढा, फडकं घाला, पाय घसरतात. गुळाचं कोमट पाणी चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा. आत ओतायचं न्हाई, नाकात जातं. इतक्यात खड्ड्यात सोडू नका, त्यांच्या पिसाला आईचं तेल न्हाई, भिजून मरतील. बल्ब लावून ऊब द्या. आणि ते अधू बाकीच्यांच्या पायाखाली येऊ देऊ नका."

"हाव."

तो जिन्यावरच बसला. कुणा पोरीनं खालच्या टपरीवरून गूळ आणून दिला, कुणी कोमट पाणी दिलं. रजियाला दारामागून सगळं ऐकू येत होतं. सूत दातानं तोडल्याचा आवाज, पिल्लाचं ओरडणं, त्याचं "हळू, हळू बेटा" म्हणणं. हा आवाज तिनं पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. फळी फोडताना त्या हातांचा केवढा आवाज झाला होता, तेही तिच्या कानात होतंच. प्लॅस्टरमधलं मनगट ठणकत होतं.

"उभं राहिलं," तो बाहेरून म्हणाला. "पडलं... परत राहिलं." मग कपडे झटकून तो उठल्याचं कळलं. "रजिया, आता काढतीस कडी?"

तिनं डाव्या हाताचा पंजा कडीवर ठेवला. लोखंड गार होतं. तिला खरंच माहीत नव्हतं, आज काढावी, महिन्यानं काढावी, का कधीच नाही.

"थांबा," ती म्हणाली, आणि सवयीनं मान चुकवली.

बाहेर पिल्लं चिवचिवत होती. दारावर हात पडला नाही.